दोन टब लेगो, एक हरवलेलं चाक आणि ‘लास्ट किती?’

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीष नगरातल्या एका ताईंचा मुलगा यंदा नववीत गेला. घरात लेगोचे दोन मोठे टब आहेत, बहुतेक खोके कधीच रद्दीत गेलेत, पुस्तिका काही आहेत, काही नाहीत. शिवाय टेक्निकचा, म्हणजे लेगोच्याच गिअर-दांड्यांच्या प्रकारातला, एक मोठा ट्रक (त्याचं एक चाक गायब), मेकॅनिक्सचा लोखंडी पट्ट्यांचा सेट, थोडे ड्युप्लो (लेगोचेच लहानग्यांसाठीचे मोठे ठोकळे) आणि चुंबकाच्या टाइल्स. ताईंनी ‘सगळं मिळून ५०००’ अशी जाहिरात टाकली. दिवसभर मेसेज आले ते फक्त ‘लास्ट किती?’ एवढेच. एकाने लगेच क्यूआर कोड पाठवला, तेव्हा त्या घाबरल्या. भंगारवाल्याने टब हातात तोलून बघितला आणि दोन्हीचे ऐंशी रुपये सांगितले. आता करायचं काय? सोबत चार फोटो आहेत.

ताई, आधी ती जाहिरात काढून टाका. भाव चुकला म्हणून नाही, माल एकत्र टाकला म्हणून. तुमच्या फोटोंत मला चार वेगवेगळी गिऱ्हाइकं दिसतात. ड्युप्लोचे मोठे ठोकळे दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या आईला हवेत. टेक्निकचा ट्रक इंजिनिअरिंगच्या पोट्ट्याला हवा. सुटे गिअर आणि दांडे रोबोटिक्सचा क्लास घेणाऱ्या सरांना हवेत. आणि मेकॅनिक्स घ्यायला येतो तो बहुतेक चाळिशीतला बाप, जो मुलासाठी घेतो असं बायकोला सांगून आलेला असतो. यातल्या कोणालाच ‘सगळं मिळून’ नको आहे. तसं घेणारी एक मीच. मी ते घरी आणणार, निवडणार, वेगळं करून विकणार, आणि निवडण्याची मजुरी तुमच्याच भावातून कापून घेणार.

मी प्रताप नगरात राहते. माझ्या दोन पोट्ट्यांची खेळणी विकता विकता हा नाद लागला, त्याला आता अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. विकणाऱ्याला वाटतं आपण प्लास्टिक विकतोय. घेणारा प्लास्टिकचे पैसे देतच नाही. रविवारी सकाळी पोरगं जोडायला बसलं आणि शेवटच्या पानावर एक तुकडा कमी पडला, असं होणार नाही, या भरवशाचे तो पैसे देतो. तो भरवसा जिथे देता येईल तिथे मेहनत करा. जिथे देता येत नाही तिथे सरळ वजनावर विका आणि मोकळ्या व्हा.

सुरुवात असली-नकली वेगळं करण्यापासून. कुठल्याही वनस्पती तुपाला जसं आपण डालडा म्हणायचो, तसं कुठल्याही प्लास्टिकच्या ठोकळ्याला आपल्याकडे लेगो म्हणतात. वाढदिवसाच्या भेटींत आलेले निम्मे डबे दुसऱ्याच कंपन्यांचे निघतात, आणि एकदा टबात पडले की सगळे सारखेच दिसतात. ओळखायची रीत सोपी आहे. ठोकळ्याच्या डोक्यावर जी गोल बटणं असतात, त्या प्रत्येक बटणावर असली मालात कंपनीचं नाव उठावदार कोरलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की अक्षरं चमकतात. बटण गुळगुळीत दिसलं तर तुकडा बाजूला ठेवा. गुळगुळीत पट्ट्या, दांडे आणि चाकं यांना बटण नसतं, त्यांना उलटं करून बघा, आतल्या बाजूला बहुतेक वेळा नाव किंवा बारीक आकडे सापडतात. तो आकडा पुढे कामी येतो, लक्षात ठेवा.

नकली माल टाकाऊ नसतो, फक्त तो असलीत मिसळून विकला की दोघांचीही किंमत जाते. घेणाऱ्याला टबात एक जरी नकली तुकडा दिसला, तरी तो सगळा टब त्याच नजरेने बघायला लागतो. असली ठोकळ्याची गंमत अशी की आजच्या पद्धतीच्या विटेच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला झाला, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. आज ती ज्या टणक प्लास्टिकची असते, ते एबीएस, १९६३ पासून वापरात आलं. म्हणून तुमच्या मुलाचा सहा-सात वर्षांपूर्वीचा माल ‘जुना’ ठरत नाही. या धंद्यात जुनं आणि खराब हे दोन वेगळे शब्द आहेत.

एक शंका तुम्हाला नक्की विचारली जाईल: “याच्यावर आयएसआयचा मार्क नाही, डुप्लिकेट आहे काय?” खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालं. त्याआधी घेतलेल्या डब्यावर ते नसणारच. शांतपणे एवढं सांगा आणि बटणावरच्या नावाचा जवळून काढलेला फोटो पाठवा.

आता सेट शोधायचे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सेटचा नंबर असतो, बहुधा चार किंवा पाच आकडी. सगळ्या पुस्तिका गोळा करून नंबर एका वहीत लिहा. ज्यांची पुस्तिका नाही, त्यांच्यासाठी टबातला विचित्र तुकडा हुडका: छापील चित्र असलेला, वेगळ्याच आकाराचा, किंवा एखाद्या माणसाचं रंगवलेलं धड. त्याच्या आतला बारीक आकडा रीब्रिकेबल किंवा ब्रिकलिंक या साइटवर टाकला की तो तुकडा कुठकुठल्या सेटमध्ये होता ते दिसतं. ब्रिकलिंक हा जुन्या-सुट्या तुकड्यांचा जगभरचा बाजार, २००० साली सुरू झाला आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतला. तुम्हाला तिथे दुकान थाटायची गरज नाही, आपल्यासाठी तो शब्दकोश. आणि हरवलेल्या पुस्तिकेचं दुःख करू नका. सेट नंबर टाकला की कंपनीच्या साइटवर बहुतेक सेटची पुस्तिका फुकट उतरवता येते. रंगीत प्रिंट काढायचा खर्च मात्र करू नका, लोक ते मोबाइलवरच बघतात.

निवडताना सगळे लोक एकच चूक करतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. दिसायला छान दिसतं, कामाचं नाही. लाल ढिगात लाल बिजागरी शोधायला बसलात की डोळे फुटतात. आकाराप्रमाणे लावा. विटा एकीकडे, चपट्या पाट्या एकीकडे, उतार असलेल्या एकीकडे, चाकं, खिडक्या-दारं, माणसं. एकाच आकाराच्या ढिगात लाल रंग आपोआप उठून दिसतो. आणि त्याही आधी गहू चाळायची चाळणी घ्या. मोठ्या भोकांच्या चाळणीतून दोन-दोन मुठी टाकून हलवलं की बारीक गोल टिकल्या, दिवे, फुलं आणि सहा वर्षांचा केर खाली पडतो. मोठे तुकडे वरच राहतात. माझी ती चाळणी आता गव्हाला चालत नाही, आईने वेगळी आणायला लावली. खाली पडलेला केर लगेच फेकू नका, परातीत पसरून बघा. हरवलेल्या तुकड्यांतले निम्मे तिथेच सापडतात.

पूर्णपणा तपासायचा खरा मार्ग एकच, सेट जोडून बघणे. मोठ्या सेटच्या पुस्तिकेत शेवटी तुकड्यांची यादी असते, तिच्यावर खुणा करत मोजताही येतं, पण मोजताना माणूस चुकतो, जोडताना चुकत नाही. हे काम तुमच्या मुलाला द्या. नववीतलं पोट्टं ‘मी लहान आहे काय’ म्हणून नाक मुरडेल, मग अर्ध्या तासाने बघा, जेवायला उठणार नाही. विक्रीतला चौथा हिस्सा त्याला कबूल करा. आणि हे पैशासाठीच सांगत नाही. माझ्या धाकट्याला न विचारता मी त्याचा फायर ब्रिगेडचा सेट विकला होता. त्यात एक अग्निशामक होता, त्याच्या हेल्मेटला दात लावल्याची खूण. दोन महिन्यांनी पोट्टं कपाट उपसत होतं, काय शोधतो विचारलं तर सांगेना. तेव्हापासून नियम केला, मालकाला विचारल्याशिवाय माल हलवायचा नाही. घेणाऱ्या घरांनाही मी तेच विचारते: पोरगं कुठे आहे?

कुठे थांबायचं तेही सांगते, नाहीतर दिवाळी उजाडेल. माझा ठोकताळा असा: सेटचे शंभरातले पंच्याण्णव तुकडे सापडले आणि उरलेले साधे असतील, तर टबातून त्याच आकाराचे दुसरे घालून सेट पूर्ण करा. रंग वेगळा असेल तर तसं लिहा. नव्वदच्या आसपास असेल तर ‘अपूर्ण’ म्हणून, काय नाही त्याची यादी देऊन विका. त्याहून खाली असेल तर माणसं काढून घ्या आणि बाकीचं वजनाच्या ढिगात ढकला. दोन संध्याकाळी घालवून जो सेट उभा राहत नाही, त्याच्यावर तिसरी घालवू नका.

ती माणसं मात्र जपून. १९७८ पासून येणारी ही दीड इंची माणसं सुट्या मालात सगळ्यात महाग जातात, त्यातही सिनेमावरून काढलेल्या सेटमधली. केस, टोपी, हातातलं हत्यार यासकट प्रत्येकाची वेगळी पिशवी करा. धडाला काखेखाली बारीक चीर गेलेली असते, ती उजेडात धरून बघा. सेट पूर्ण विकणार असाल तर त्यातलं माणूस काढून वेगळं विकायचा मोह आवरा. सेटमधून माणूस गेलं की घेणाऱ्याच्या लेखी सेट गेला.

धुणं. कंपनी सांगते ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको, हाताने धुवा, मशीनमध्ये टाकू नका, ड्रायर लावू नका. नागपुरात याचा अर्थ वेगळा होतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला जे पाणी येतं, त्यात हात घालून बघा, ते चाळीसच्या वरच असतं. म्हणून पहाटे धुवा किंवा रात्री भरून ठेवलेलं पाणी घ्या. थोडा भांड्यांचा साबण, भाजीची जाळीची पिशवी, अर्धा तास भिजवून हलकं चोळायचं. घरी बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात करा. मोटर, बॅटरीचा डबा, स्टिकर लावलेले तुकडे आणि कापडी झेंडे पाण्यात जाणार नाहीत, ते ओल्या फडक्याने पुसायचे.

वाळवायचं सावलीत, पंख्याखाली, जुन्या चादरीवर. कूलरसमोर नको, त्याची हवाच ओली असते, दोन दिवसांनीही पोकळ विटांमध्ये पाणी राहतं आणि पिशवीत वास सुटतो. गच्चीवर तर नकोच नको. पहिल्या वर्षी मी पापड घालावेत तसा एक अख्खा सेट मे महिन्यात गच्चीवर घातला आणि लग्नाला वर्ध्याला निघून गेले. तीन दिवसांनी आले तर स्टिकर आंब्याच्या सालीसारखे गुंडाळलेले आणि लांब पाट्या वाकलेल्या, टेबलावर ठेवल्या की डुगडुगायच्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढरा आणि निळसर माल पिवळा पडतो. खिडकीत सजवून ठेवलेल्या सेटची एक बाजू पिवळी आणि एक पांढरी दिसते ती त्यामुळेच. तो पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडने कमी करतात, पण विकायच्या मालासाठी ती उठाठेव परवडत नाही. फोटोत स्पष्ट दाखवा आणि भाव कमी करा, झालं. तपकिरी आणि गडद लाल तुकडे जोडताना-काढताना जपा. काही वर्षांच्या मालात हे रंग ठिसूळ निघालेत, दातांनी ओढले की कटकन तुटतात.

मेकॅनिक्सचं गणित वेगळं. भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट ही कल्पना लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांची, १९०१ सालच्या पेटंटची, पुढे तिचंच मेकॅनो झालं. आपल्याकडच्या घरांत ती मेकॅनिक्सच्या रूपाने शिरली. यात पट्ट्या हरवत नाहीत, नट हरवतात आणि पावसाळ्यात गंज चढतो. गंजलेल्या पट्ट्यांवरून मशीनचं तेल लावलेलं फडकं फिरवा, बोल्ट फार खराब असतील तर एक नमुना खिशात टाकून इतवारीत लोहा ओळीत जा, मापाचे सुटे मिळून जातात. पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर डब्यात असलेच पाहिजेत, ते नसले की गिऱ्हाईक उगाच नाराज होतं.

चुंबकाच्या टाइल्सबद्दल मी कडक आहे. प्रत्येक टाइल कानाशी धरून हलवा, आत खडखडतंय का बघा, कडेला नखाने चाचपून चीर आहे का तपासा. चीर असेल तर ती टाइल विकायची नाही, दानही करायची नाही, कचऱ्यात टाकायची. आतले छोटे चुंबक बाहेर पडले आणि लेकराने दोन गिळले, तर ते आतड्याच्या दोन वळ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाऊन भोक पडतं. ते ऑपरेशनचं प्रकरण आहे. टाइल चिकटवून विकणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही. तसंच तीन वर्षांखालच्या मुलासाठी कोणी बारीक लेगो मागत असेल तर विकू नका, ड्युप्लो दाखवा. ड्युप्लोची वीट लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दुप्पट असते, घशात जात नाही, आणि पुढे साध्या लेगोवर बसतेही. तुमचं ड्युप्लो सगळ्यात आधी जाईल, बघाच.

आता भाव. तुम्ही तेव्हा किती दिले ते विसरा, घेणाऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. दोनच आकडे बघायचे: आज तो सेट नवा मिळतो का, आणि मिळत असेल तर प्रत्यक्षात कितीला मिळतो. छापील किंमत बघायची नाही, सवलतीनंतरची बघायची. नवा मिळत असेल तर पूर्ण, स्वच्छ, पुस्तिकेसकट सेटला मी त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करते, खोका असेल तर साठ टक्क्यांपर्यंत जाते. सेट कंपनीने बंद केला असेल तर नियम बदलतो, तेव्हा घाई करू नका, आठवडाभर भाव बघा. आपल्याकडे जुन्या मालाला भाव टिकण्याचं एक कारण सरकारी आहे. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. नवं महाग झालं की जुन्याकडे लोक आपोआप वळतात.

सुट्या ढिगाचा भाव असा काढा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर ग्रॅम माल तोला आणि तेवढ्यातले तुकडे मोजा. दोन बाय चारची वीट साधारण सव्वादोन ग्रॅमची, बारीक माल जास्त असेल तर तुकडे बरेच निघतात. मग आजच्या नव्या लेगो क्लासिकच्या, म्हणजे सुट्या विटांच्या, डब्याची किंमत भागिले त्यातले तुकडे, हा झाला नव्या तुकड्याचा दर. धुतलेल्या, नकली काढलेल्या ढिगाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने किलोचा भाव बसवा. एक-एक किलोच्या पिशव्या करा, सगळा टब एकालाच विकायचा अट्टहास नको. किलोची पिशवी वाढदिवसाला द्यायला लोक नेतात, पाच किलोला विचार करतात.

जाहिरातीत कविता नको. ‘माझ्या मुलाच्या आठवणी’ असं लिहिलं की लोक पुढे सरकवतात. माझा साचा असा असतो: “लेगो टेक्निक ट्रक, सेट नंबर अमुक. सगळा जोडून तपासला. एक चाक नाही, बाकी पूर्ण. पुस्तिका आहे, खोका नाही. दारावरच्या स्टिकरचा कोपरा सुटलाय, फोटो चार बघा. धुतलेला. भाव इतका, मनीष नगर किंवा मेट्रो स्टेशनवर भेट.” कमी काय आहे ते दुसऱ्या ओळीत येऊ द्या. दोष आधी सांगणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एक पोलिस स्टेशन ‘पूर्ण’ म्हणून विकलं, न जोडता, नुसतं मोजून. त्रिमूर्ती नगरचे ते काका दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन दारात उभे, कोठडीचं दार नव्हतं. पैसे परत केले, वर चहा पाजला, आणि तो नातू माझ्याकडे असा बघत होता की कोठडीत टाकायचं तर मलाच.

फोटो सकाळी आठ-नऊच्या उजेडात, बाल्कनीत, पांढऱ्या चादरीवर. फ्लॅश नको. शेजारी दहाचं नाणं ठेवा, आकार कळतो. मुलाचा चेहरा, दारावरची पाटी, खोक्यावर मार्करने लिहिलेलं नाव-वर्ग-शाळा, यातलं काहीही फोटोत येऊ देऊ नका. तुमच्या फोटो दोनमध्ये खोक्यावर शाळेचं नाव वाचता येतंय, तो आधी काढा.

टाकायचं कुठे? आधी तुमच्या सोसायटीच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. माझा निम्मा माल तिथेच जातो, ना पार्सल ना घासाघीस. मग ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस. बंद झालेले सेट आणि महागडी माणसं मोठ्या वयाच्या शौकिनांच्या ग्रुपवर, तिथे गिऱ्हाईक पुण्या-बंगळूरचं असतं आणि तुमच्यापेक्षा जास्त जाणतं, म्हणून तिथे नंबर चुकवू नका.

‘लास्ट किती?’चा राग मानू नका, तो आपल्याकडचा नमस्कार आहे. मी एकच उत्तर ठेवलंय: “भाव लिहिलाय तोच. येऊन बघा, आवडलं तर पन्नास-शंभर समोरासमोर बोलू.” यावर दहातले आठ गप्प होतात. उरलेले दोघं येतात आणि घेऊन जातात. फोनवर भाव उतरवला तर माणूस येऊन पुन्हा उतरवतो, हा अनुभव आहे.

क्यूआर पाठवणाऱ्याला उत्तर दिलं नाहीत हे बरं केलंत. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले, एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. फसवणारे ओळखू येतात. ते माल बघत नाहीत, घासाघीस करत नाहीत, सांगाल त्या भावाला लगेच तयार होतात. त्यांची वाक्यं ठरलेली: ‘मी फौजेत आहे, बदली झाली, माझा माणूस येऊन नेईल, आधी एक रुपया पाठवून बघतो.’ मला एकाने ‘चुकून पंधरा हजार गेले, जास्तीचे परत करा’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवला होता. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली तरच माल हातात. आणि कोणी गंडवलंच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी.

भेट दिवसाढवळ्या. तुमच्यासाठी उज्ज्वल नगर मेट्रो स्टेशन सोयीचं, दूरचं गिऱ्हाईक असेल तर सीताबर्डी इंटरचेंज, दोन्ही लाइन तिथेच मिळतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनसमोरही चालतं. घरात बोलावू नका. घेणाऱ्याला पिशवी उघडून बघू द्या, घाई करू नका. आणि माल दुपारी गाडीच्या डिकीत ठेवून फिरू नका, गच्चीचं जे झालं तेच होईल.

बाहेरगावी पाठवायचं तर सेट मोडून पाठवा, जोडलेला रस्त्यात फुटतोच. झिपच्या पिशव्यांवर नंबर टाका, माणसांची पिशवी वेगळी, पुस्तिका पुठ्ठ्यात सपाट. हे सगळं एका मोठ्या प्लास्टिकमध्ये, मग खोक्यात. किराणावाल्याकडून खोकं घेताना बेताचंच घ्या. खाजगी कुरिअरवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, बहुतेक ठिकाणी भागिले ५०००. चाळीस बाय तीस बाय तीसचं खोकं आतून रिकामं असलं तरी सात किलो दोनशे ग्रॅमचं धरलं जातं. लहान गावचा पत्ता असेल तर मी स्पीड पोस्टच करते. पॅक करताना एक सलग व्हिडिओ काढा, पिशवी मोजण्यापासून टेप लावेपर्यंत. वाद झाला तर तोच तुमचा वकील.

वेळही साधा. परीक्षा संपल्या की एप्रिलच्या मध्यापासून मागणी चढते. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पोट्टे घरात जास्त दिवस आणि बाहेर ऊन असं की घराबाहेर पाठवता येत नाही. आया कशालाही तयार असतात. दिवाळीआधी मात्र जाहिरात टाकू नका, साफसफाईत अख्ख्या गावाची खेळणी बाजारात उतरतात आणि भाव पडतात. दिवाळी झाली की आठ दिवसांनी टाका.

भंगारवाल्याला काय द्यायचं? तुटके ठोकळे, मोटर जळलेल्या गाड्या, झाकण नसलेले डबे. बॅटरीचे डबे आधी उघडून सेल काढा. पांढरी पावडर जमली असेल तर ते विकायच्या ढिगात नाही. चांगले पण नकली मोठे ठोकळे धुऊन अंगणवाडीत द्या, तिथे बटणावर कोणी नाव बघत नाही.

आणि ताई, त्या ट्रकचं चाक. तुमच्या चौथ्या फोटोत टबाच्या मागे लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दिसतोय. त्याची तीन चाकं लाकडाची आहेत. चौथं काळं रबरी आहे, खिळ्यात बसवलेलं. मोठं करून बघा. काढायच्या आधी मुलाला विचारा.